नर अल्पायुषी, मादी दीर्घायुषी

मेक्सिकोच्या पश्चिमेकडील तांबड्या गुडघ्यांचा टॅरंटुला हा केसाळ कोळी अनेक देशांत हौसेने पाळला जातो. वयात येईपर्यंत त्यातील नर-मादी वरवर पाहून ओळखणे कठीण. त्यासाठी कोळ्याने टाकलेली कात जपून ठेवावी. तिच्या पोटाकडील भागात शुक्रजंतू साठविण्याची पिशवी भिंगाखाली दिसली, तर ती मादी समजावी.

वयात येताना कात टाकली, की नराचे रूप पालटते. तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकांना फुगीर गोळे येतात. पुढल्या पायांवर आकडे उमटतात. बीळ सोडून तो मादीच्या शोधार्थ भटकू लागतो. मीलनसमयी याच आकड्यांनी तो तिचे विषारी दात अडवून धरतो. पुढे त्याचे आयुष्य सहसा वर्षा-दोन वर्षांचेच. मादी मात्र वयात आल्यावरही कात टाकीत राहते आणि २५-३० वर्षे जगू शकते.

म्हणूनच रानातून एक मादी धरून नेली, की कित्येक वर्षांची वीण नाहीशी होते. या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८५ पासून निर्बंध आहेत. तेव्हा विकत घेणाऱ्याने कोळी रानातून धरलेला तर नाही ना, हे प्रथम विचारावे. नर की मादी, हा प्रश्न त्यानंतरचा.