अंगठ्याचे ‘वाढलेले हाड’ आणि उंच टाचा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूस, जो कठीण उंचवटा येतो आणि ज्याच्या जोडीने अंगठा हळूहळू शेजारच्या बोटावर झुकत जातो, त्याला बोलीभाषेत ‘हाड वाढणे’ म्हणतात; वैद्यकशास्त्रात या विकृतीचे नाव ‘हॅलक्स व्हॅल्गस’ असे असून उंचवट्याला ‘बनियन’ म्हटले जाते. या विकाराचा दोष सरसकट उंच टाचांच्या सँडलना दिला जातो. बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात, जिथे शेतात, बाजारात आणि वारीत सपाट चप्पलच पायात असते, तिथे या समजुतीतून ‘ज्यांच्या पायात हील नाही त्यांना या विकाराचे भय नाही’ असा चुकीचा निष्कर्ष सहज निघू शकतो. म्हणून प्रचलित समजुती एकेक करून तपासणे उपयुक्त ठरते.

गैरसमज १ : अंगठ्याजवळ नवे हाड वाढते.
वस्तुस्थिती : मुख्यतः हाड सरकलेले असते. तळपायातून अंगठ्याकडे जाणारे लांब हाड, म्हणजे पहिली प्रपदास्थी, दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते, अंगठा करंगळीच्या दिशेने वळतो आणि या दोहोंच्या मधला सांधा कोन करून बाहेर डोकावतो. हा कोन १५ अंशांहून अधिक झाला की विकृती मानली जाते. चपलेच्या सततच्या घर्षणाने सांध्यावरील द्रवपिशवी सुजते, त्वचा जाड व लाल होते, आणि त्यामुळे उंचवटा आहे त्याहून मोठा भासतो. आहारातील कॅल्शियम वाढवण्याने किंवा कमी करण्याने ही रचना बदलत नाही.

गैरसमज २ : उंच टाच हेच या विकाराचे एकमेव कारण आहे.
वस्तुस्थिती : पायाची आनुवंशिक ठेवण, सांध्यांचा सैलपणा, संधिवाताचे काही प्रकार आणि वाढते वय ही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत, आणि म्हणूनच आई व मुलगी यांच्या पायांत तो पुष्कळदा सारखाच दिसतो. पादत्राणांचा वाटा मात्र खराच आहे : हाँगकाँगमध्ये झालेल्या व १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांत, तर अनवाणी राहणाऱ्यांपैकी सुमारे २ टक्क्यांतच ही विकृती आढळली. तरीही दोष केवळ टाचेच्या उंचीचा नाही, हे इंग्लंडमधील केंब्रिज येथील उत्खननात मिळालेल्या मध्ययुगीन सांगाड्यांच्या अभ्यासातून दिसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अकराव्या ते तेराव्या शतकांतील ६ टक्के सांगाड्यांत, तर चौदाव्या व पंधराव्या शतकांतील २७ टक्के सांगाड्यांत विकृतीच्या खुणा मिळाल्या. मधल्या काळात तेथे उंच टाचा आल्या नव्हत्या, निमुळत्या टोकाचे जोडे आले होते, आणि ते पुरुषही हौसेने घालत.

गैरसमज ३ : दोष निमुळत्या टोकाचा असेल, तर टाच कितीही उंच असली तरी चालते.
वस्तुस्थिती : टाच जितकी उंच, तितका शरीराचा भार चवड्यावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या भागावर, सरकतो आणि पाय उतारावरून घसरावा तसा पुढे जाऊन टोकात अडकतो, टोक अरुंद असेल तर अंगठा दाबला जातो, आणि उंची व अरुंदपणा एकत्र आले की परिणाम सर्वाधिक होतो. यांखेरीज चवड्याला घट्टे पडतात, बोटांवर भोवऱ्या होतात, घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. नियमित उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतील स्नायुतंतू सुमारे १३ टक्क्यांनी आखूड झाल्याचे २०१० च्या एका अभ्यासात आढळले, आणि अनेक वर्षांच्या सवयीनंतर एकाएकी सपाट चप्पल घातल्यास पोटरी का ओढते, याचे कारण यातच आहे.

गैरसमज ४ : सपाट चप्पल किंवा अनवाणी चालणे पूर्णतः निर्धोक असते.
वस्तुस्थिती : पातळ, झिजलेल्या रबरी चपलेत टाचेला व कमानीला आधार मिळत नाही. शेगावहून पंढरपूरला सुमारे महिनाभर चालत जाणाऱ्या वारकऱ्याला किंवा दिवसभर निंदण करणाऱ्या मजूर स्त्रीला ही उणीव उंच टाचेइतकीच जाणवू शकते. अनवाणी चालण्याने अंगठा दाबला जात नसला, तरी शेतातील काटे आणि सर्प यांचा धोका उरतोच. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीने तर अनवाणी चालणे टाळणेच योग्य, कारण तिला जखम झाल्याचे कळतच नाही.

गैरसमज ५ : रात्री पट्टा बांधल्याने अंगठा सरळ होतो.
वस्तुस्थिती : पट्टा किंवा बोटांमध्ये ठेवायची मऊ गादी यांनी दुखणे कमी होऊ शकते, मात्र प्रौढ व्यक्तीचा सरकलेला सांधा त्यांनी कायमचा मूळ जागी येत नाही. शस्त्रक्रियेत हाड कापून त्याची दिशा सुधारली जाते. तथापि ती केवळ दिसण्यासाठी न करता, रुंद पादत्राणे वापरूनही वेदना थांबत नसतील तेव्हाच करण्याचा सल्ला दिला जातो, आणि तीनंतरही विकृती पुन्हा उद्भवू शकते.

प्रतिबंधाचा सर्वांत स्वस्त उपाय आठवडी बाजारातही करता येतो. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, कागदावर भार देऊन उभे राहावे, पायाची रेघ ओढून घ्यावी आणि घ्यावयाचे पादत्राण त्या रेघेवर ठेवावे. अंगठ्याची किंवा करंगळीची रेघ तळाबाहेर उरत असेल, तर ते पादत्राण कितीही सपाट असले तरी त्या पायासाठी अरुंदच आहे. शाळकरी मुलांच्या काळ्या बुटांसाठी ही चाचणी दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते, कारण बुटावर छापलेला मापाचा आकडा पायाची लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही.