काइगो योबो

काइगो योबो ही जपानमधील प्रतिबंधात्मक वृद्धसेवेची पद्धती होय. वृद्ध व्यक्तीवर दुसऱ्याच्या शुश्रूषेवर अवलंबून राहण्याची वेळ येऊ नये, आलीच तर ती शक्य तितकी लांबणीवर पडावी आणि आलेली अवस्था अधिक बिघडू नये, असे तिचे तिहेरी उद्दिष्ट आहे. जपानी भाषेत ‘काइगो’ म्हणजे शुश्रूषा किंवा सांभाळ आणि ‘योबो’ म्हणजे प्रतिबंध. २००० साली सुरू झालेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विमा योजनेचा हा भाग असून २००६ पासून त्याला निश्चित रचना मिळाली. धोक्याच्या उंबरठ्यावरील वृद्ध शोधून त्यांना व्यायाम शिकवणे, असे या सेवेचे आरंभीचे स्वरूप होते. पुढे वृद्धांना घराबाहेर पडण्यास नियमित निमित्त मिळेल अशा जागा गावोगावी निर्माण करणे, हा तिचा गाभा बनला.

पार्श्वभूमी

जपानच्या लोकसंख्येत ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण १९७० साली ७ टक्क्यांच्या पुढे गेले. १९९४ साली ते १४ टक्क्यांवर आणि २००७ साली २१ टक्क्यांवर पोहोचले. २०२३ साली ते सुमारे २९ टक्के होते. वृद्धांच्या सांभाळाचा भार परंपरेने घरातील स्त्रियांवर, विशेषतः पत्नी व सून यांच्यावर असे. लहान होत गेलेल्या कुटुंबांना तो पेलवेनासा झाला. १९७३ साली वृद्धांसाठी वैद्यकीय उपचार मोफत झाल्यानंतर, उपचारांची गरज नसतानाही घरी सांभाळणारे कोणी नाही म्हणून वृद्धांनी इस्पितळात दीर्घकाळ राहण्याचे प्रमाण वाढले.

या स्थितीवर उपाय म्हणून डिसेंबर १९९७ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा कायदा संमत झाला व १ एप्रिल २००० रोजी तो अमलात आला. या योजनेत वयाच्या चाळिशीपासून प्रत्येकाला विम्याचा हप्ता भरावा लागतो. खर्चाचा निम्मा भाग हप्त्यांतून व निम्मा सरकारी तिजोरीतून येतो. विमाधारकाने अर्ज केल्यावर त्याच्या शारीरिक व मानसिक क्षमतेची पाहणी होते आणि नगरपालिकेचे तज्ज्ञ मंडळ गरजेची श्रेणी ठरवते. घरात सांभाळणारे माणूस आहे की नाही, याचा या निर्णयाशी संबंध नसतो.

योजनेला मोठा प्रतिसाद मिळाला. श्रेणी मिळालेल्या व्यक्तींची संख्या एप्रिल २००० मधील सुमारे २२ लाखांवरून एप्रिल २००५ पर्यंत सुमारे ४१ लाखांवर गेली. ही वाढ सौम्य श्रेणींमध्ये सर्वाधिक होती. गुडघेदुखीमुळे किंवा अशक्तपणामुळे हालचाल मंदावलेल्या या व्यक्तींच्या घरी मदतनीस येऊन झाडलोट, स्वयंपाक व बाजारहाट करीत असे. त्यामुळे सोय होई. परंतु वृद्धाचे स्वतःचे उठणे-बसणे व बाहेर जाणे आणखी कमी होई. मदतीनेच माणूस अधिक परावलंबी होतो की काय, हा प्रश्न धोरणकर्त्यांपुढे उभा राहिला. काइगो योबोच्या मांडणीचा आरंभ या प्रश्नातून झाला.

दुर्बलतेचे चक्र

वार्धक्यातील परावलंबित्व दोन मार्गांनी येते. पक्षाघातासारख्या आजाराने ते अचानक ओढवते किंवा वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाते. काइगो योबोचा मुख्य रोख दुसऱ्या मार्गावर आहे. वयानुसार स्नायूंचे वस्तुमान घटते. स्नायू कमी झाले की चालण्याचा वेग मंदावतो व थकवा लवकर येतो. थकव्यामुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने भूक मंदावते आणि आहार घटल्याने स्नायू आणखी झिजतात. अशा रीतीने प्रत्येक परिणाम पुढच्या टप्प्याचे कारण बनतो. एकदा पडल्यानंतर पुन्हा पडण्याच्या भीतीने घरातच बसणे, हा या चक्राला गती देणारा नेहमीचा प्रसंग होय.

अमेरिकी वैद्य लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दुर्बलतेचे पाच निकष मांडले. नकळत घटलेले वजन, थकवा, हाताच्या पकडीतील क्षीणता, मंद चाल आणि अल्प शारीरिक हालचाल, असे हे निकष आहेत. त्यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास व्यक्ती दुर्बल आणि एक किंवा दोन आढळल्यास ती दुर्बलतेच्या वाटेवर मानली जाते. जपानच्या वार्धक्यवैद्यक संस्थेने २०१४ साली या अवस्थेसाठी ‘फुरेइरु’ हा शब्द प्रचारात आणला. ही अवस्था निरोगीपणा व परावलंबित्व यांच्या मधली असून योग्य वेळी हस्तक्षेप केल्यास तीतून माघारी येता येते, यावर या संकल्पनेचा भर आहे.

घराबाहेर पडण्याचे महत्त्व

जपानी वृद्धसेवेत ‘तोजिकोमोरी’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. आठवड्यातून एकदाही घराबाहेर न पडणे, असा तिचा सर्वसाधारण अर्थ होतो. अंथरुणाला खिळण्याच्या आधीचा टप्पा म्हणून तिच्याकडे पाहिले जाते.

घराबाहेरच्या हालचालीत अनेक गोष्टी एकाच वेळी घडतात. उंचसखल जमिनीवर चालताना तोल सावरण्याचा सराव होतो. रहदारी पाहणे, वाट लक्षात ठेवणे व सोबत्याशी बोलणे ही कामे चालता चालता केल्याने लक्ष व स्मरण यांनाही चालना मिळते. सूर्यप्रकाशामुळे त्वचेत जीवनसत्त्व ‘ड’ तयार होते व झोप-जागेपणाची लय टिकण्यास मदत होते. बाहेर जायचे म्हणून माणूस कपडे बदलतो, केस विंचरतो, वेळ पाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. त्यातच आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व स्नायूंची ताकद यांवर भर देणारे वैविध्यपूर्ण व्यायाम असावेत.

२००६ ची रचना

२००५ साली कायद्यात दुरुस्ती झाली व एप्रिल २००६ पासून ती लागू झाली. सौम्य श्रेणींसाठी स्वतंत्र प्रतिबंधात्मक सेवा ठरवण्यात आल्या आणि नगरपालिकांच्या क्षेत्रात सर्वसमावेशक सहाय्य केंद्रे स्थापन झाली. अद्याप कोणतीही श्रेणी न मिळालेल्या वृद्धांसाठी २५ प्रश्नांची ‘मूलभूत तपासणी सूची’ तयार करण्यात आली. तिची उत्तरे केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी द्यायची असतात.

या सूचीत दैनंदिन व्यवहार, हालचाल, पोषण, तोंडाचे आरोग्य, घरकोंडी, स्मरण व मनःस्थिती असे सात भाग आहेत. कठडा किंवा भिंत न धरता जिना चढता येतो का, आधाराशिवाय खुर्चीतून उठता येते का, सलग पंधरा मिनिटे चालता येते का, गेल्या वर्षभरात पडण्याचा प्रसंग आला का, चहा पिताना ठसका लागतो का, असे साधे प्रश्न तीत आहेत. आठवड्यातून किमान एकदा बाहेर पडता का आणि गेल्या वर्षाच्या तुलनेत बाहेर पडणे कमी झाले आहे का, हे दोन प्रश्न घरकोंडीसंबंधी आहेत.

उत्तरांवरून धोक्यात असल्याचे दिसलेल्या वृद्धांना काही महिन्यांच्या व्यायाम, आहार किंवा मुखस्वास्थ्य वर्गांना बोलावले जाई. एकूण वृद्धांपैकी ५ टक्क्यांनी या वर्गांत यावे, असे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात सहभाग एक टक्क्याच्याही खाली राहिला. ज्यांना गरज सर्वाधिक, ते बाहेर पडण्यास सर्वांत नाखूश, ही मूळ अडचण होती. त्यातच ‘धोक्यातील वृद्ध’ असा शिक्का अनेकांना रुचला नाही. वर्ग संपल्यावर जाण्यासारखी जागा नसल्याने वृद्ध पूर्वीच्याच दिनक्रमात परतत व कमावलेली ताकद टिकत नसे.

व्यक्तीकडून जागेकडे

२०१४ च्या कायदेबदलानंतर एप्रिल २०१५ पासून धोरणाची दिशा पालटली. धोक्यातील वृद्ध व इतर वृद्ध असा भेद प्रतिबंधात्मक उपक्रमांतून काढून टाकण्यात आला. सौम्य श्रेणींसाठीच्या घरपोच व दिवसभराच्या सेवा टप्प्याटप्प्याने नगरपालिकांच्या उपक्रमांत वर्ग झाल्या. ‘कायोई नो बा’, म्हणजे नियमित जाण्या-येण्याची जागा, हे नव्या धोरणाचे केंद्र ठरले. अशी जागा रहिवाशांनीच चालवावी व तेथे महिन्यातून किमान एकदा एकत्र जमावे, अशी अपेक्षा असते. वस्तीतील सभागृह, मंदिराचे आवार, उद्यान, रिकामे घर अशा कोणत्याही ठिकाणी ती चालते. २०१९ या आर्थिक वर्षात देशभरात अशा सुमारे १ लाख २८ हजार जागांची नोंद झाली व त्यांत ६.७ टक्के वृद्ध सहभागी होते.

या बदलाला काही ठिकाणच्या आधीच्या प्रयोगांचा आधार होता. कोची शहरात २००२ साली ‘इकी-इकी ह्याकुसाई ताइसो’ हा व्यायामप्रकार तयार झाला. मनगटाला व घोट्याला वजनाचे पट्टे बांधून, खुर्चीत बसून, संथ लयीत तो करतात. पट्ट्यांचे वजन २.२ किलोग्रॅमपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवता येते. रहिवाशांचे गट स्वतःच तो चालवू शकत असल्याने त्याचा देशभर प्रसार झाला. आइची प्रांतातील ताकेतोयो या गावी २००७ पासून स्वयंसेवकांनी वृद्धांसाठी गप्पा, खेळ व हस्तकला यांची ‘सलोन’ नावाची केंद्रे चालवली. ती चालत पोहोचता येईल अशा अंतरावर असावीत, यावर कटाक्ष होता.

घराबाहेरील उपक्रम

जपानमध्ये घराबाहेर एकत्र येण्याच्या अनेक प्रथा काइगो योबोपेक्षा जुन्या आहेत. धोरणाने त्यांना नवा अर्थ दिला.

रेडिओ ताइसो: रेडिओवरील संगीताच्या तालावर करावयाचा हा व्यायाम १९२८ साली सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो काही काळ बंद होता. सध्याचा पहिला प्रकार १९५१ सालचा आहे. सुमारे तीन मिनिटांत तेरा हालचाली केल्या जातात. सकाळी साडेसहाच्या प्रसारणाला अनेक उद्यानांत वृद्धांचे गट जमतात. रोज येणारी व्यक्ती एखाद्या दिवशी दिसली नाही, तर सोबत्यांच्या ते लक्षात येते.

गेटबॉल: हा सांघिक खेळ १९४७ साली होक्काइदोतील मेमुरो येथे मुलांसाठी तयार झाला. युद्धोत्तर काळातील रबराची टंचाई व लाकडाची मुबलकता ही त्यामागची परिस्थिती होती. पाच जणांचे दोन संघ लाकडी हातोड्याने चेंडू तीन कमानींतून नेतात. सामना अर्ध्या तासाचा असतो. पुढे तो प्रामुख्याने वृद्धांचा खेळ म्हणून ओळखला जाऊ लागला.

ग्राउंड गोल्फ व पार्क गोल्फ: ग्राउंड गोल्फ १९८२ साली तोत्तोरी प्रांतातील तोमारी येथे आणि पार्क गोल्फ १९८३ साली होक्काइदोतील माकुबेत्सु येथे सुरू झाला. दोन्हींत एकाच काठीने खेळता येते. ताकदीपेक्षा नेमकेपणाला महत्त्व असल्याने आजी-आजोबा व नातवंडे एकत्र खेळू शकतात.

काम व शेती: साठीनंतर हलकी कामे मिळवून देणारी ‘सिल्व्हर’ मनुष्यबळ केंद्रे १९७० च्या दशकात तोक्योत सुरू झाली. उद्यानांची स्वच्छता व झाडांची छाटणी अशी कामे त्यांच्यामार्फत मिळतात. भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांतील भाजीपाला आणि शाळकरी मुलांना रस्ता ओलांडण्यास मदत करणे, ही देखील घराबाहेर पडण्याची निमित्ते ठरतात.

संशोधन

जपान वार्धक्य मूल्यमापन अभ्यास हा या क्षेत्रातील प्रमुख प्रकल्प आहे. कात्सुनोरी कोंदो यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पाचा उगम १९९९ साली आइची प्रांतात झाला. त्यातील २०१२ च्या एका शोधनिबंधानुसार, नियमित व्यायाम करणाऱ्यांतही एकट्याने व्यायाम करणाऱ्या वृद्धांपेक्षा क्रीडागटात सहभागी असणाऱ्यांमध्ये पुढील चार वर्षांत परावलंबित्वाचे प्रमाण कमी आढळले. ताकेतोयो येथील केंद्रांविषयीच्या २०१५ च्या विश्लेषणात, केंद्रांत जाणाऱ्यांमध्ये नव्याने परावलंबी होण्याचे प्रमाण न जाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे निम्मे असल्याचे अनुमान निघाले.

हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. जे मुळातच सुदृढ असतात तेच बाहेर पडतात, ही शक्यता अशा अभ्यासांत नेहमी असते. ताकेतोयोच्या अभ्यासात घरापासून केंद्राचे अंतर विचारात घेऊन हा दोष कमी करण्याचा प्रयत्न झाला. केंद्राजवळ राहणे हे सहसा प्रकृतीवर अवलंबून नसते. त्यामुळे जवळच्यांना झालेला लाभ केंद्राचा मानण्यास अधिक आधार मिळतो.

टीका व मर्यादा

सौम्य श्रेणींच्या सेवा नगरपालिकांकडे सोपवणे हा खर्चकपातीचा मार्ग असल्याची टीका झाली. व्यावसायिक सेवेची जागा स्वयंसेवकांनी घ्यावी, ही अपेक्षा लहान गावांना जड जाते, कारण तेथील स्वयंसेवक स्वतःही वृद्ध असतात. स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांचा सहभाग कमी असतो. उन्हाळ्यात उष्माघाताची आणि हिमप्रदेशात निसरड्या रस्त्यांची अडचण येते. प्रतिबंधावर फार भर दिल्यास, परावलंबी झालेल्या व्यक्तीने स्वतःची काळजी घेतली नाही असा अप्रत्यक्ष दोष तिच्या माथी येतो, हा आक्षेपही घेतला जातो. स्मृतिभ्रंश, पक्षाघात किंवा अतिवार्धक्य यांतून येणारे परावलंबित्व प्रयत्नांनीही नेहमी टळत नाही. त्यामुळे प्रतिबंध हा शुश्रूषेला पूरक असून तिला पर्याय नव्हे, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

महामारीचा काळ

२०२० साली कोरोना महामारीमुळे बहुतेक जागा काही काळ बंद राहिल्या व त्या आर्थिक वर्षातील सहभाग ५.३ टक्क्यांवर घसरला. संसर्गापासून वृद्धांचे रक्षण करणाऱ्या घरबंदीतूनच दुर्बलता वाढण्याचा धोका तज्ज्ञांनी दाखवून दिला. काही गटांनी उद्यानात अंतर राखून व्यायाम, छोट्या गटांत चालणे आणि दूरध्वनीवरून विचारपूस अशा मार्गांनी संपर्क टिकवला. निर्बंध सैल झाल्यावर सहभाग पुन्हा वाढू लागला व २०२२ या आर्थिक वर्षात तो ६.२ टक्क्यांवर आला.