मातीशी गाठ (भाग ९) : डोझर आणि दरीकडची कड

मागच्या भागात ब्लेडचे प्रकार पाहिले. ब्लेड कुठलेही असो, डोंगरात डोझर चालवणाऱ्याचे लक्ष आधी चेनखालच्या जमिनीकडे हवे.

आपला घाटरस्ता बहुतेक ठिकाणी आतल्या अंगाने डोंगर कापून आणि निघालेली माती बाहेरच्या अंगाला टाकून केलेला असतो. आतला भाग मूळ कातळावर किंवा मुरमावर उभा, बाहेरचा भरावावर. वरून डांबर मात्र सलग दिसते. पावसात भरावात पाणी मुरते, मोरी तुंबली असेल तर जास्तच, आणि कडेला समांतर बारीक भेग उमटते. अशी भेग दिसली की रस्ता तिथेच संपला असे धरायचे आणि तिच्यापासूनही चांगले आत राहायचे. जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळी घाट दरडी कोसळून आणि रस्ता खचून बंद पडला होता. अशा वेळी पहिले यंत्र ज्या रस्त्यावरून आत जाते, त्याखाली काय उरले आहे हे गाडीत बसून कळत नाही. उतरून, चालत जाऊन, कडेचा उतार खालून दिसत असेल तर खालूनही पाहावा लागतो. या पाहणीत गेलेला अर्धा तास कुणी वाया गेला असे मानू नये.

वजनाचे गणित करून पाहू. साधारण २० टनांचा डोझर घेऊ. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटर वर आणि दोन चेनच्या मध्यांतले अंतर २ मीटर धरू. सपाटीवर प्रत्येक चेनवर १० टन येतात. हेच यंत्र २० अंशांच्या उतारावर आडवे चालवले, तर खालच्या चेनवर सुमारे साडेतेरा टन जातात. आता वरची चेन ३० सेंटीमीटरच्या धोंड्यावर चढली की खालच्या चेनवर १५ टनांहून जास्त भार येतो. तोही नेमका दरीकडच्या, सगळ्यांत सैल मातीवर. ती माती दबली की यंत्र आणखी कलते, कलले की भार आणखी वाढतो. यंत्र उलटते ते या साखळीने. म्हणून उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली चालायचे, आडवे शक्यतो जायचेच नाही. कंपनीच्या पुस्तकात उताराचा एक मोठा आकडा असतो, पण तो बहुधा इंजिनाला तेल नीट पोचत राहावे यासाठीचा असतो. ओल्या मुरमाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

उतरताना गिअर उताराच्या डोक्यावरच निवडायचा, मध्ये बदलायचा नाही आणि न्यूट्रल तर कधीच करायचा नाही. ब्लेड जमिनीलगत ठेवले म्हणजे गरज पडताच ते टेकवून यंत्र थांबवता येते. स्टिअरिंग क्लच असलेल्या जुन्या घडणीच्या डोझरमध्ये आणखी एक धोका आहे आणि नव्या माणसाला तो कुणीतरी शिकवावाच लागतो. सपाटीवर डावा क्लच सोडला की यंत्र डावीकडे वळते. तीव्र उतारावर यंत्र स्वतःच्या वजनाने खाली ओढले जात असताना तोच क्लच सोडला, तर डावी चेन मोकळी होऊन जास्त वेगाने धावते आणि यंत्र उजवीकडे वळते. उजवीकडे दरी असली, तर ही चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

कडेवरून माती ढकलताना शेवटचा ढीग दरीत लोटायचा नाही. तो कडेवरच बांधासारखा राहू द्यायचा आणि पुढच्या फेरीच्या मातीने त्याला पुढे सरकवायचे. ब्लेड कडेबाहेर कधी जात नाही आणि चेन पक्क्या जमिनीवर राहतात. काश्मीर आणि लडाखमधल्या ११,५०० फुटांहून उंच झोजी ला खिंडीत सीमा सडक संघटनेची पथके सोनमर्ग आणि द्रास अशा दोन्ही बाजूंनी बर्फ हटवत येतात. तिथे हा नियम आणखी कडक होतो. बाहेर लोटलेला बर्फ कडेच्या पुढे साचतो, दाबून घट्ट होतो आणि वरून अगदी रस्त्यासारखा दिसतो. त्याखाली मात्र पोकळी असते. शिवाय वरून हिमकडा कोसळण्याची भीती असतेच. या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

दरड उपसताना लक्ष वरही लागते. खाली पडलेला ढिगारा पुष्कळदा वरच्या सैल मातीला टेकू देत असतो, त्याचा पायथा सरसकट कापला की वरचे सुटते. म्हणून आधी वरचे लोंबकळते धोंडे आणि सैल माती काढायची, आणि उतारावर नजर ठेवून शिट्टी वाजवणारा एक माणूस सुरक्षित जागी उभा करायचा. बारीक खडे घरंगळू लागले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा झाडे कलली, की यंत्र मागे घ्यायचे. मुसळधार पावसात आणि रात्री हे काम होऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण या खुणा तेव्हा दिसतच नाहीत.

आता पट्टा. यंत्र कललेच तर उडी मारता यावी म्हणून तो न लावणारे ऑपरेटर आहेत. उडी पुष्कळदा उताराच्या बाजूलाच पडते आणि मागून यंत्र अंगावर येते. ऑपरेटरच्या डोक्यावरची रॉप्स, म्हणजे यंत्र उलटले तरी न चेपणारी चौकट, आयएसओ ३४७१ या मानकाप्रमाणे तपासलेली असते. ती वाचवते, पण माणूस तिच्या आत राहिला तरच. पंखा बसवायला तिच्या खांबाला भोक पाडणे किंवा वेल्डिंग मारणे म्हणजे ती तपासणी रद्द करणे.

हे सगळे माहीत असलेल्या माणसाच्याही मागे कुणीतरी उभे असते : रस्ता कधी खुला होणार, असे दर तासाला विचारणारे. काम थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे आणि थांबवल्याबद्दल त्याची हजेरी कापली जाणार नाही, हे कामाच्या आदेशातच लेखी असले पाहिजे. पावसाळ्याआधी यंत्रे भाड्याने घेण्याचे करार होतात, तेव्हाच हे एक कलम घालता येईल.

(पुढील भागात : दलदलीत रुतलेले यंत्र बाहेर कसे काढतात)