हमीपत्रांची वही

गेल्या वैशाखांत आमच्या इमारतींतील पाण्याचा पंप जळाला. पुण्याच्या पेठेंतील जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या या इमारतींत आम्हां भाऊबंदांचीं नऊ बिऱ्हाडें राहतात, आणि दुरुस्तीचा खर्च सर्वांनीं समान वांटून घ्यावा असा ठराव आहे. हिशेबाचें काम आमच्याकडे. ऐन उन्हाळ्यांत पाणी खोळंबूं नये म्हणून आम्हीं कोपऱ्यावरच्या मेकॅनिकास बोलाविलें. त्यानें पंप उघडून वाइंडिंग नवें भरलें व आम्हीं त्यास 9 हजार रुपये मोजले. आठ दिवसांनीं जुन्या पावत्या चाळतांना त्याच पंपाचें हमीपत्र हातीं आलें! पंप मागील भाद्रपदांत बसविलेला, हमी एक वर्षाची. म्हणजे मुदतीचे चार महिने शिल्लक होते. परंतु परक्या माणसानें पंप उघडल्यास हमी रद्द होते, हेंही त्याच कागदावर छापलेलें होतें.

तिसऱ्या मजल्यावरील आमच्या चुलत वहिनींचा संसार तुटपुंज्या पेन्शनवर चालतो. त्यांच्या वांट्याचे हजार रुपये आम्हीं आधींच घेतले होते. हकीकत सांगावयास गेलों तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, गेले ते गेले. पण आतां एक वही घाला." त्या वहीसंबंधींच वाचकांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

विकलेल्या मालाच्या दोषाची जबाबदारी विकणाऱ्यावर कांहीं काळ राहावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत विकत घेतलेली वस्तु पारखण्याच्या मुदती सांगितल्या आहेत: बियाण्यास 10 दिवस, रत्नांस 7, ओझ्याच्या जनावरास 5, दुभत्यास 3 आणि लोखंडास अवघा 1. आज त्याच लोखंडापितळेच्या वस्तूंस वर्षानुवर्षांची हमी मिळते. कित्येक उत्पादक नळांस 7 ते 10 वर्षें, तर गच्चीवरील सौर पॅनेलच्या वीजनिर्मितीस 25 वर्षें हमी देतात. या हमीचें मोल वस्तूच्या किंमतींतच आपण भरलेलें असतें. ती न वापरणें म्हणजे पैसे देऊन धान्य वाण्याच्याच दुकानांत ठेवून येण्यासारखें आहे.

मग हमी बुडते कशी? बहुधा आपल्याच हातून. दुकानाची पावती पुष्कळदां उष्णतेनें उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते; वर्ष-दोन वर्षांत तिच्यावरील अक्षरें उडून जातात. म्हणून पहिल्याच दिवशीं तिची झेरॉक्स काढून ठेवावी. चकाकी यावी म्हणून नळ ॲसिडनें घासतात. तेवढ्यानें त्याच्या मुलाम्याची हमी जाऊं शकते. गीझरची टाकी, आंतील कॉइल व इतर भाग यांच्या मुदती निरनिराळ्या असतात, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानें झालेली हानि अनेकदां वगळलेली असते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची लेखी हमी घ्यावी. पुढें डिश बसविणाऱ्यानें तेथें भोकें पाडलीं तर ठेकेदारास निमित्त मिळतें, हेंही ध्यानांत असावें.

आमच्या वहींत प्रत्येक वस्तूस एक पान दिलें आहे. त्यावर वस्तूचें नांव, तिच्या अंगावरील क्रमांक, खरेदीची व बसविल्याची तारीख, हमीची अखेर, कंपनीचा दूरध्वनि आणि वगळलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत. मुदत संपण्यापूर्वीं एक महिना ती वस्तु तपासून घ्यावयाची, आणि वही पाहिल्यावांचून कोणताही मेकॅनिक बोलवावयाचा नाहीं, असे दोन नियम केले आहेत.

इमारत नवी असल्यास आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14 अन्वयें, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आंत बांधकामांत किंवा कारागिरींत दोष आढळून तो कळविल्यास, विकासकानें 30 दिवसांत तो विनामूल्य दूर करावयाचा असतो. वस्तूंबाबत दुकानदार वा कंपनी दाद देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवितां येते. त्यानेंही काम न झाल्यास ग्राहक आयोग आहेच. मात्र 2019 च्या कायद्याप्रमाणें तक्रारीचें कारण घडल्यापासून सामान्यतः 2 वर्षांच्या आंत तेथें जावें लागतें. तक्रार नेहमीं लेखी करावी. तोंडी आश्वासनास तारीख नसते.

गेल्या आश्विनांत जिन्यांतील चार एलईडी दिवे एकामागून एक गेले. वहीवरून हमीचे पांच महिने उरलेले दिसले. पावती दाखवितांच दुकानदारानें चारही दिवे बदलून दिले. रक्कम लहान होती, पण त्या महिन्यांत दुरुस्तीची वर्गणी कोणाकडेही मागावी लागली नाहीं. वही आतां वहिनींच्याच कपाटांत असते, किल्लीही त्यांच्याचपाशीं. आम्हांसही पान पाहावयाचें असल्यास तीन जिने चढून जावें लागतें, आणि तें योग्यच आहे.