जोड्याचा शोध

देवळाच्या पायरीपाशी वहाणा उतरवून आत जाण्याचा संस्कार आपल्यापैकी प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे. वहाण ही दाराबाहेरची वस्तू. तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याजोगे काय आहे, असे पुष्कळांस वाटेल. वाक्वा येथील एका निवृत्त गृहस्थांनाही तसेच वाटत असे. पुढे त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा गेला, आणि एका साध्या जोड्यासाठी त्यांना सहा महिने वणवण करावी लागली.

गृहस्थांचा मधुमेह वीस वर्षांचा जुना. मॉरिशसमध्ये हा विकार किती पसरला आहे हे येथील वाचकांस सांगावयास नको. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत दर पाच प्रौढांमागे सुमारे एकास तो आढळला. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे पायांच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू मंदावते. प्रथम मुंग्या येतात, जळजळ होते. पुढे मुंग्याही येईनाशा होतात, आणि रोगी समजतो की आपणांस बरे वाटू लागले! भारतयात्रेत कोल्हापुरास घेतलेली नवी कोरी चप्पल घालून हे गृहस्थ एका लग्नात दिवसभर वावरले. चपलेच्या कडीने अंगठ्याचे कातडे सोलवटले, हे त्यांना रात्री पत्नीने पायपुसण्यावरचा डाग दाखविला तेव्हा कळले. येथे चपलेला दोष देण्यात अर्थ नाही. नवी कोल्हापुरी मुरेपर्यंत चावते, हे आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होते. परंतु चावा कळावयास पाय जागा असावा लागतो.

बधिर पायाचे हे कोडे प्रथम नीट उकलले ते कुष्ठरोग्यांच्या सेवेत. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरांत झाला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक होते. कुष्ठरोग्यांच्या पायाचे मांस रोगानेच सडते, अशी तेव्हाची समजूत. ब्रँड यांच्या ध्यानी आले की, तळव्याला मोठी जखम असूनही हे रोगी लंगडत नाहीत! निरोगी मनुष्य चालता चालता नकळत पाय किंचित वाकडा टाकतो, भार इकडचा तिकडे करतो. बधिर पाय मात्र त्याच एका जागेवर हजारो वेळा आपटत राहतो. जखमेला विश्रांती दिली की ती भरते, आणि पुन्हा फुटू नये म्हणून भार सर्व तळव्यावर वाटून देणारी वहाण लागते. त्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक हवेच्या पोकळ्या असलेले मऊ रबर चपलांत वापरले. १९६६ साली ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथे गेले, आणि तेथे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांस लागू पडले. २००३ साली ते निवर्तले. पण आज जगभर मधुमेही पायासाठी जे जोडे होतात, त्यांच्या मुळाशी वेल्लोरची ती चप्पल आहे.

आता आपल्या गृहस्थांकडे वळू. रुग्णालयातून निघताना त्यांना ‘योग्य जोडा वापरा’ एवढे सांगण्यात आले. योग्य म्हणजे कोणता, हे सांगावयास कोणास सवड झाली नाही. वस्तुतः हाच उपचाराचा उत्तरार्ध होय, कारण अशी जखम भरून आल्यावरही वर्षभरात सुमारे ४० टक्के रोग्यांत ती पुन्हा उद्भवते. पोर्ट लुईच्या दुकानांत लांबी मिळे तर रुंदी मिळेना. कन्येने परदेशाहून मागविलेला जोडा दिसावयास राजबिंडा, पण आत बोटांवर टेकणारी शिवण. घरातली रबरी सावात तर बादच झाली; तिचा खुंट धरून ठेवावयास अंगठाच उरला नव्हता.

अखेरीस कात्र बोर्न येथील एका वृद्ध चर्मकाराने युक्ती सांगितली. दुपार कलल्यावर, म्हणजे पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहून दोन्ही पायांची रेघ काढावी, ती कापावी व जोड्यात घालून पाहावी. कागद कोठे दुमडला तर जोडा परत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठाभर रुंदीची जागा हवी. जोडा खोल हवा, म्हणजे आतला पातळ तळ काढून त्या जागी पायाच्या ठशाबरहुकूम मऊ जाड गादी बसविता येते. अंगठा नसला की त्याचा भार शेजारच्या हाडांवर पडतो. म्हणून बाहेरचा तळ ताठ व पुढून होडीसारखा किंचित उचललेला असावा, जेणेकरून पाऊल न वाकता पुढे ढळते. रिकाम्या जागी मऊ भराव हवा, नाहीतर पाय आत सरकतो. दिसण्याविषयी मात्र कोणी विचारू नये! गृहस्थांचा तयार जोडा पाहून त्यांच्या नातवाने तो बोटीचा नमुना आहे काय, असे विचारले.

एवढे करूनही जोडा पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा अधिक घालावयाचा नसतो. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा लागतो. काढल्यावर तळवा आरशात पाहावा लागतो. घरातही अनवाणी चालणे बंद. देवळाचा प्रश्न गृहस्थांना सर्वांत जड गेला. मध्यान्हीच्या तापलेल्या फरशीने बधिर तळवा भाजतो आणि भाजल्याचे कळतही नाही. शेवटी पुजाऱ्यांशी बोलून त्यांनी धुतलेल्या स्वच्छ सपाता केवळ देवळापुरत्या निराळ्या ठेविल्या. दोघा-तिघांनी भुवया उंचावल्या. पुजाऱ्यांनी उंचावल्या नाहीत.

गणेशचतुर्थीला मूर्तीमागून विसर्जनास चालत जाण्याचा त्यांचा क्रम चाळीस वर्षांत चुकला नव्हता. या खेपेस नवा जोडा घालून ते पुलापर्यंत चालले आणि तेथून निमूटपणे पुतण्याच्या मोटारीत बसले. घरी परतल्यावर पत्नीने दिव्याजवळ पाट मांडला. “अहो, पाय जरा वर करा.” टाचेच्या कडेला रुपयाएवढी लाली होती. अर्ध्या तासात ओसरली नाही तर डॉक्टरांकडे जावयाचे, असे ठरले होते. दोघे घड्याळाकडे पाहत बसली. पंचविसाव्या मिनिटास लाली गेली. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने तो जोडा टाचेशी सैल करून घेण्यासाठी कात्र बोर्नला गेला.