केळीचं पान दवाखान्यात!

कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. अष्टमीच काय, कोकणातल्या कुठल्याही गावात जा, परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ दिसणारच. तिच्या पानावर आपण जेवतो, पानात पानगी भाजतो, सत्यनारायणाला तिचे खुंट बांधतो. पण दोस्तांनो, हेच पान भाजलेल्या जखमेवर पट्टी म्हणूनही वापरलं गेलंय, हे ठाऊक आहे का तुम्हांला?

समजा, अशाच एका घरात तुमच्या हातावर उकळता चहा सांडला. लगेच सल्ले सुरू!

"अरे, कोरफड कापून आण!" आजी म्हणते.

"हळद लावा आधी," काकू सांगते.

शेजारचे काका तर टूथपेस्ट घेऊनच धावत येतात. कुणाचं ऐकायचं?

आधी नळाचं ऐकायचं! हात वीस मिनिटं साध्या, वाहत्या पाण्याखाली धरायचा. कारण चहा सांडून गेला तरी त्याची उष्णता कातडीत शिरलेली असते आणि आत भाजण्याचं काम चालूच असतं. पाणी ती उष्णता काढून घेतं. बर्फ मात्र नको. त्याने नाजूक झालेल्या कातडीला आणखी इजा होते.

मग झाडपाल्याचं काय? ती गोष्ट मुंबईत घडली.

कातडी म्हणजे आपल्या अंगाचं झाकण. ते भाजून निघालं की आतला ओलावा उडून जातो, जखम सुकते आणि नवी कातडी तयार करणाऱ्या पेशी मरू लागतात. साधी जाळीची पट्टी बांधली तर ती जखमेला चिकटते. पट्टी बदलताना पोरं कळवळतात आणि नुकती आलेली कातडीही सोलून निघते. चिकटणार नाहीत अशा पट्ट्या असतात, पण त्या महाग.

मुंबईत लहान मुलांच्या वाडिया रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. कुठला? उकडलेल्या बटाट्याची सालं! ती जाळीच्या पट्टीवर चिकटवायची, निर्जंतुक करायची आणि जखमेवर बांधायची. १९८५ साली त्यांनी हा प्रयोग जगापुढे मांडला. गंमत म्हणजे, साल जंतूंना मारत नव्हती. ती फक्त ओल टिकवत होती, आणि तेवढ्यानेही कातडी लवकर भरून येत होती.

पण सालं सोलत, चिकटवत बसायचं म्हणजे वेळखाऊ काम. मग मुंबईतल्याच शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. गुळगुळीत, मोठं, पाणी न शोषणारं! त्यांनी बटाट्याची साल आणि केळीचं पान यांची रुग्णांवर तुलना केली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही सारखीच गुणकारी, पण पानाची पट्टी करायला सोपी आणि कितीतरी स्वस्त.

"मग तोडू का परसातलं पान?" असं म्हणाल तर थांबा! दवाखान्यातलं पान धुऊन, पट्टीवर चिकटवून, दाबाखालच्या कडक वाफेत निर्जंतुक केलेलं असतं. हे काम करणारं यंत्र म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊच. परसातल्या पानावर धूळ असते, जंतू असतात. उघड्या जखमेत ते शिरले तर जखम चिघळते.

आजीची कोरफडही अगदीच खोटी नाही. तिच्या गराने वरवरच्या भाजण्याला फायदा होतो, असं काही लहान अभ्यासांत दिसलंय. पण झाडावरून तोडलेला गर फोड फुटलेल्या जखमेवर नको. हळद, शाई, टूथपेस्ट तर मुळीच नको. जंतूंची भीती आहेच, शिवाय रंगाखाली जखम किती खोल आहे हेच डॉक्टरांना दिसत नाही.

तेव्हा एवढं पाठ करा. आधी पाणी. सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैलसर झाका आणि दवाखाना गाठा. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, जखम तुमच्या तळव्याहून मोठी असेल, विजेने किंवा रसायनाने भाजलं असेल, तर क्षणभरही थांबू नका. १०८ नंबर फिरवा.

आणि हो, हे आजीला वाचून दाखवा. कोरफड कापायला उठलेली आजी उद्या तुमच्या आधी नळ सोडायला धावली पाहिजे!