मंगनीआधी एक रक्ततपासणी
निकाह ठरवताना आपण खानदान पाहतो, शिक्षण पाहतो. रक्त मात्र तपासत नाही. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं बनतं, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी बनवणारं एक जनुक बिघडलेलं असेल तर माणूस धडधाकटच असतो, त्याला पत्ताही नसतो. पण मियाँ-बीवी दोघंही असे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. मग त्या लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चुलत-मामे भावंडांत रिश्ता असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून आम्ही सांगतो, मंगनीआधी ‘एचबी ए-२’ तपासून घ्या. वाहक असणं ऐब नाही. लपवलं तर भोगतं ते लेकरू.